गळलेला काना

"बस," ती म्हणाली आणि मास्तरांनी ठमीच्या पाठीवरचा हात काढून घेतला. काढून घेतला, मागं सरकले आणि भिंतीला पाठ लावून, वर्गात शिक्षा झालेल्या पोरासारखे उभे राहिले. जनावरांच्या दवाखान्यातली ती मदतनीस बाई मोठी खटपटी होती. एका हातात ठमीचा भादरलेला पाय, दुसऱ्या हातात सलाईनची नळी आणि चिकटपट्टीचं टोक दातांत धरलेलं. मास्तरांचा हात उठला मात्र, ठमी त्या स्टीलच्या टेबलावर धडपडली, तिची नखं खरखरली आणि सुई निसटता निसटता राहिली. बाईनं दातातली पट्टी ओढून काढली. "अहो काका, निघालात कुठं? बसा म्हटलं मी, बसा! त्या स्टुलावर बसा आणि हात ठेवा तिच्यावर. तुमचा हात आहे तोवर ती शांत आहे." मास्तर ओशाळले. स्टूल ओढून बसले. ठमीच्या पाठीवर हात टेकला तशी तिनं मान खाली टाकली. "मला वाटलं, बस म्हणजे पुरे," ते पुटपुटले. "तोंडात पट्टी होती ना काका," बाई हसत म्हणाली, "अर्धा शब्द दातातच राहिला." आणि ती आपल्या कामाला लागली. एवढंच झालं. कुणाच्या लक्षातही राहू नये असं. पण मास्तरांच्या आत कुठंतरी एक टाका सुटला आणि ते त्या बाईच्या तोंडाकडे बघतच राहिले.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. शिवणकामातले. कोट शिवणारे. हल्ली कोट शिवून घेतं कोण म्हणा, सगळे तयार घेतात आणि मग खांद्यात बसत नाही म्हणून मास्तरांकडे येतात. खाली दुकान, वर दोन खोल्या, मधे एक अरुंद जिना. मास्तरांचं सगळं आयुष्य त्या जिन्यावरून खालीवर करण्यात गेलं होतं, आणि त्यातलंही वरचं कमी, खालचंच जास्त. ठमी बायकोची. तिनंच ती रस्त्यावरून उचलून आणली तेव्हा मास्तरांनी आकाशपाताळ एक केलं होतं. दुकानात कुत्रं? काळ्या कापडावर पांढरे केस? गिऱ्हाईक काय म्हणेल? बायकोनं ऐकून घेतलं. तिनं मशीनच्या बाजूला एक जुनी सतरंजी टाकली, तिच्यावर हातानं दोनदा थापटलं, "बस" म्हणाली, आणि ते गोल गरगरीत पिल्लू आयुष्यभर तिथंच राहायचं ठरवून आल्यासारखं बसलं. ठमाबाईच ती, म्हणून ठमी. बायको गेल्यावर ठमी मास्तरांची झाली, म्हणजे दोघं एका छपराखाली राहायला लागली. मास्तर तिला वेळेवर खायला घालत, सकाळ-संध्याकाळ फिरवून आणत. बोलत मात्र फारसे नसत. गेले काही दिवस ती भांडंभर पाणी पिऊन पुन्हा रिकाम्या भांड्याशी उभी राहायची. मागून सारखी चाटायची. जिना चढताना मधेच बसायची. मास्तरांना दिसत होतं सगळं. "बघू," ते स्वतःशी म्हणाले. बघू हा त्यांचा जुनाच शब्द. बायको असती तर म्हणाली असती, "तुमचं बघू म्हणजे बैल गेला नि झोपा केला." ती असताना पिल्लाचं ऑपरेशन करून टाकू म्हणून मागं लागली होती, म्हणजे पुढं त्रास नको. तेव्हाही मास्तर बघूच म्हणाले होते. आज सकाळी ठमी सतरंजीवरून उठलीच नाही, तेव्हा कुठं त्यांनी तिला कापडाच्या गठ्ठ्यासारखी खांद्यावर घेतली आणि दुकानाचं दार ओढायचंही विसरून ते रस्त्यानं धावत सुटले.

डॉक्टरीण बाई वयानं लहान, पण बोलायला एक घाव दोन तुकडे. "पिशवीत पू झालाय," ती म्हणाली. मास्तरांच्या डोळ्यांपुढं आधी शिवलेली पिशवी आली, मग अर्थ आला. "गर्भाची पिशवी. ती फुटायच्या आत काढायला हवी. लहानपणी केलं असतं ऑपरेशन तर हे झालंच नसतं. कुणी सांगितलं नव्हतं का तुम्हाला?" सांगितलं होतं, असं मास्तर म्हणाले नाहीत. "वाचेल का?" एवढंच त्यांनी विचारलं. "ऑपरेशन केलं तर वाचेलच, असं मी म्हणत नाही. वय झालंय तिचं. नाही केलं तर वाचणार नाही, एवढं मात्र नक्की." मास्तरांच्या ओठांवर आलंच होतं ते, बघू. त्यांनी ते गिळलं आणि मान हलवली. मग ठमीला आत नेलं. झुलतं दार पुढं-मागं हललं आणि थांबलं. बाहेरच्या बाकावर एक बाई मांजराची टोपली मांडीवर घेऊन बसली होती, कोपऱ्यात कुणाचा तरी पोपट स्वतःशीच भांडत होता, आणि सगळीकडे तो वास. जंतुनाशकाचा. माणसांच्या इस्पितळात येतो तोच. जनावर काय नि माणूस काय, वास एकच, असं मास्तरांना वाटलं आणि त्यांनी नाकावर हात धरला.

कारण त्या वासात त्यांनी बायकोला ठेवलं होतं. झटका येऊन तिची एक बाजू लुळी पडली, तोंड वाकडं झालं. मास्तर रोज डबा घेऊन जायचे, चमच्या-चमच्यानं सूप भरवायचे, हनुवटी पुसायचे आणि परत दुकानात यायचे. त्या दुपारी त्यांनी अर्धी वाटी भरवली, तेव्हा तिनं चांगला हात हलवला, त्यांच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "बस." पुरे, नको आता. मास्तरांनी वाटी झाकली, तिला पांघरूण घातलं, "पड जरा, संध्याकाळी येतो," म्हणाले आणि निघाले. संध्याकाळी पोचले तेव्हा दुसरा झटका येऊन गेला होता, आणि त्यानंतर ती बोलली नाही. म्हणजे तो तिचा शेवटचा शब्द. बस. मास्तरांनी तो सगळ्यांना सांगितला. भेटायला येईल त्याला सांगितला. शेजारी म्हणाले, काय समाधानी बाई! मेहुणी डोळे पुसत म्हणाली, ताई तृप्त होऊन गेली हो, असं मरण भाग्यवंताला येतं. मुलगी, तिला घरात चिमणी म्हणत, ती तर रडायची थांबली, इतकी त्या एका शब्दानं सावरली. मग पुन्हा पुन्हा सांगता सांगता तो शब्द हळूहळू शिवून-बेतून मास्तरांच्या अंगावर छान बसत गेला. त्यांनी त्यात एक हसूही घातलं. किंचित हसून म्हणाली बरं का, बस. ती हसली नव्हती. वाकड्या तोंडानं हसणार कशी? पण हसू घातल्यावर गोष्ट जास्त चांगली पडायची. आता त्या बाकावर बसून मास्तर त्याच शब्दाकडे संशयानं बघायला लागले. अर्धा शब्द दातातच राहिला, म्हणे. छे. तिनं कधी त्यांना अरे-तुरे केलं नव्हतं. बसायलाच सांगायचं असतं तर बसा म्हणाली असती. अख्खा संसार तिनं "अहो, बसा ना जरा" म्हणण्यात घालवला होता. त्यांना बस म्हणायला ते काय ठमी होते? हा युक्तिवाद बिनतोड होता. तरी मास्तर तो मनातल्या मनात पुन्हा पुन्हा करत राहिले, आणि ज्या गोष्टीची खात्री असते ती माणूस इतक्यांदा स्वतःला सांगत नाही.

ऑपरेशन झालं. डॉक्टरीण बाई हातमोजे काढत बाहेर आली. पिशवी फुटली नव्हती, पण फुटायलाच आली होती. एक रात्र तिथं ठेवून त्यांनी ठमीला घरी सोडलं, गळ्यात प्लास्टिकचं एक पांढरं नरसाळं अडकवून. टाके चाटू द्यायचे नाहीत, जिना चढू द्यायचा नाही, उडी नाही, धावणं नाही, जखम लाल दिसली किंवा ओली झाली तर लगेच आणायचं. "आणि खायला हवं तिनं," डॉक्टरीण बाई म्हणाली. "जुलूम नका करू, पण पोटात काही गेलं नाही तर अंगात जे विष पसरलंय त्याच्याशी ती लढणार कशाच्या जोरावर? आज-उद्यात खायला लागली तर लागली. नाहीतर अवघड आहे." मास्तरांनी तिला दुकानातच ठेवलं, सतरंजीवर, आणि वरची गादी खाली आणून कापायच्या टेबलाशेजारी आपली पथारी टाकली. पोट भादरून गुलाबी झालेलं, त्यावर मधोमध टाक्यांची सरळ रेघ. मास्तरांनी गुडघे टेकून, चष्मा कपाळावर सारून ती नीट पाहिली. टाके सारख्या अंतरावर होते, कुठं चूण नव्हती. हात बसलेला आहे पोरीचा, ते मनात म्हणाले आणि त्यांना जरा बरं वाटलं. ठमीला मात्र बरं वाटत नव्हतं. नरसाळ्याची कड टेबलाच्या पायाला अडकायची, मशीनच्या पायट्याला अडकायची, भांड्यात तोंड घालावं तर नरसाळंच आधी भांड्यावर पालथं पडायचं. मग ती भिंतीकडे तोंड करून तशीच उभी राहायची, मागं कसं वळायचं ते विसरल्यासारखी. मास्तरांनी अंडं उकडून कुस्करलं, कोंबडी शिजवून हाडं वेचून काढली, सूप कोमट करून बोटानं तिच्या ओठांना लावलं. तिनं तोंड फिरवलं. चिमणीचा फोन आला, ती दुसऱ्या गावी नोकरीला. सगळं ऐकून घेतलं तिनं आणि मग हलक्या आवाजात म्हणाली, "बाबा, रागावू नका. पण तिला ओढून धरू नका हो. आई कशी, आता बस म्हणाली आणि गेली. ठमीचंही तसंच असेल. तिचंही बस झालं असेल." मास्तरांना एकदम चटका बसला. "नाही," ते म्हणाले, आणि इतक्या जोरानं की ठमीनं मान वर केली. "तसं काही नाही. आणि आईचं यात आणू नकोस." त्यांनी फोन ठेवला. पोरीवर उगाच खेकसलो याचं त्यांना वाईट वाटलं, पण हात काही पुन्हा फोनकडे गेला नाही.

नरसाळं काढायचं तर टाके झाकायला हवेत. मग मास्तरांनी त्यांना जे येत होतं ते केलं. जुन्या मऊ सुती अस्तराचा तुकडा काढला, गळ्यातली टेप उतरवली आणि ठमीचं माप घ्यायला बसले. छाती, कंबर, मानेपासून शेपटीपर्यंत उंची, चार पायांना चार भोकं. जन्मात असं गिऱ्हाईक मिळालं नव्हतं, उभं राहायला तयार नाही आणि माप चुकलं तर तक्रार करायची नाही. अंगरख्याला बटणं पाठीवर लावायची ठरवली, खडूनं खुणा केल्या, आणि मग जीभ चावली. बाईमाणसाचं आहे, काजं उजव्या बाजूला हवीत. खुणा पुसून उलट्या केल्या. बायको असती तर पोट धरून हसली असती. मग तोंडात टाचण्या धरून ते ठमीच्या अंगावर कापड बेतायला लागले. "हल् नक्," ते टाचण्यांतून म्हणाले. हलू नको. ठमी हलली नाही. एक टाचणी पोटापाशी, एक खांद्यावर, जपून, कापडातून कापडात. मग मान वर न करता त्यांनी उजवा हात बाजूला पसरला आणि म्हणाले, "खड्." आणि हात तसाच पसरलेला राहिला. त्यात कुणी काही ठेवलं नाही.

तो रिकामा तळवा मास्तर बघत राहिले. सगळं आयुष्य ते असेच बोलत आले होते, तोंडात टाचण्या धरून, शब्दांची शेपटं गिळत. कात् म्हटलं की कात्री. अस्त म्हटलं की अस्तर. खड् म्हटलं की खडू, तोही पांढरा की निळा ते कापड बघून. बाजूच्या स्टुलावर बसून ती हेम घालत असायची, मान वर करायची नाही, डावीकडून कापड सरकवायची नि उजवीकडून त्यांच्या तळव्यावर हवी ती वस्तू ठेवायची. गिऱ्हाइकांना नवल वाटायचं, वहिनी, तुम्हाला यांचं कळतं कसं? ती म्हणायची, "त्यात काय कळायचंय? उरलेला अर्धा शब्द मला ठाऊकच असतो." आणि त्या इस्पितळात, शेवटच्या दिवसांत, तिच्या तोंडात टाचण्या नव्हत्या, पण जीभ जड झाली होती आणि शब्दांची टोकं गळत होती. पाण म्हणायची, मास्तर पाणी द्यायचे. उश म्हणायची, मास्तर उशी सरळ करायचे. खिडकीतून ऊन डोळ्यांवर आलं की पडद म्हणायची. मुलीला चिमण म्हणायची आणि चिमणी तिकडे तोंड फिरवून रडायची. सगळं तर कळत होतं त्यांना. एकूण एक शब्दाचा गळलेला काना, गळलेली वेलांटी मास्तरांनी बिनचूक लावून घेतली होती. मग एकाच शब्दाला का नाही लावली? बस. बसा. एवढा एक काना. मास्तरांना आता तो हात दिसला. तिचा चांगला हात. तो वाटी ढकलायला उचलला नव्हता. तो पलंगाच्या कडेवर होता, चादरीवर, आणि त्यानं थापटलं होतं. दोनदा. ठमीला सतरंजीवर बोलावताना थापटायची तसं. तिला सूप पुरे झालं नव्हतं. जगणंही पुरे झालं नव्हतं. तिला एवढंच हवं होतं की या माणसानं वाटी खाली ठेवावी आणि जरा तिच्याजवळ बसावं.

तोंडातल्या टाचण्या त्यांनी एकेक करून काढल्या आणि त्यांच्या छोट्या उशीत खोचल्या. रडू आलं असतं तर बरं झालं असतं. पण रडण्याआधी आणखी एक गोष्ट वर यायची होती आणि ती आली. त्या दुपारी दुकानात एक कोट होता. वाद्यवृंदात तुतारीसारखं काहीतरी वाजवणाऱ्या एका इसमाचा, संध्याकाळच्या कार्यक्रमासाठी हवा होता, आणि डाव्या खांद्यात तो बसत नव्हता. इस्पितळात सूप भरवताना मास्तरांच्या डोळ्यांपुढं तोच खांदा होता. बाही उसवून अर्ध्या बोटानं मागं घेतली तर बसेल का? हे मनात चाललेलं असताना ती बस म्हणाली आणि मास्तरांना हायसं वाटलं. हो, हायसंच. सुटका झाली, असं वाटलं. सोयीचं तेवढंच ऐकू येतं माणसाला. काना गळला होता तिच्या जिभेवरून, पण टाकला मास्तरांनी. तो कोट सुरेख बसला. गिऱ्हाइकानं आरशात वळून वळून पाहिलं, वा मास्तर, म्हणाला. खांदे बसवण्यात मास्तरांचा हात धरणारं कुणी नव्हतं. लोकांच्या अंगावर सगळं बसवलं त्यांनी, धंद्याची घडी बसवली, आणि स्वतः एका जागी म्हणून कधी बसले नाहीत. बसले ते मशीनवर. तिच्या शेजारी बसायचं तर हातात काही ना काही काम घेऊन. रिकामं बसलं की त्यांना आपण चोरी करतोय असं वाटायचं. "अहो, बसा ना जरा," ती म्हणायची. "येत्," ते टाचण्यांतून म्हणायचे. येतो. आणि तीही इतकी भोळी की तो उरलेला अर्धा शब्द तिला प्रत्येक वेळी खरा वाटायचा.

अंगरखा शिवून झाला. नरसाळं काढून मास्तरांनी तो ठमीला घातला, पाठीवर काजं-बटणं लावली. अगदी अंगाबरोबर बसला. ठमीनं अंग झाडायचा प्रयत्न केला, दुखलं म्हणून सोडून दिला, आणि सतरंजीवर आडवी झाली. मास्तरांनी भांडं तिच्या तोंडाशी सरकवलं आणि सवयीनं मशीनकडे जायला उठले. मग थांबले. खाली वाकले, सतरंजीच्या कडेला फरशीवर बसले, गुडघे कुरकुरले, पाठ टेबलाच्या पायाला टेकली. हातात काही नव्हतं. हातांना ते कळेना, ते आपले विजारीची शिवण चाचपत राहिले. रस्त्यावरून माणसं जात-येत होती, काचेतून कुणीतरी आत डोकावलं आणि मास्तर जमिनीवर बसलेले बघून पुढं गेलं. एक गिऱ्हाईक दारात आलं. "विजार झाली का मास्तर?" "नाही." "मग कधी?" "आत्ता मी बसलोय," मास्तर म्हणाले. गिऱ्हाइकाला हे उत्तर समजलं नाही, पण ते गेलं. ठमी भांड्याकडे बघत होती. मग मास्तरांकडे. मग तिनं मान लांब करून सूप हुंगलं, एकदा चाटलं, थांबली, पुन्हा चाटलं. मास्तरांना एवढा आनंद झाला की तिला फडकं आणायला ते पटकन उठले, आणि त्या क्षणी तिनं तोंड वर घेतलं. ते परत बसले. ती परत चाटायला लागली. उठले की थांबायची, बसले की खायची. तेव्हा त्यांना आठवलं की ठमीच्या खाण्याच्या वेळी बायको नेहमी खाली तिच्याशेजारी बसलेली असायची, आणि ते मशीनवरून म्हणायचे, एवढं काय त्या कुत्र्याशेजारी ठाण मांडून बसायचं? ती म्हणायची, "सोबत लागते हो. पोट काही नुसत्या खाण्यानं भरत नाही." भांड्याच्या तळाशी जीभ घासल्याचा आवाज येईपर्यंत मास्तर बसून राहिले, आणि तेव्हा त्यांना रडू आलं. मोठ्यानं आलं. ठमी खायची थांबली नाही.

मग ती सुधारत गेली. आधी दारापर्यंत, मग कोपऱ्यापर्यंत, अंगरखा घालून, म्हाताऱ्या बाईसारखी सावकाश. गल्लीतली पोरं तिच्याकडे बघून हसायची. टाके काढायच्या दिवशी चिमणी आली, मुद्दाम सुट्टी काढून. फोनवर झालेलं दोघांनीही काढलं नाही. मदतनीस बाईनं अंगरख्याची शिवण उलटून-पालटून पाहिली आणि म्हणाली, "काका, असे आणखी शिवून द्या आम्हाला, नरसाळ्यांनी सगळीच वैतागतात." डॉक्टरीण बाईनं चिमट्यानं एकेक टाका उचलून कापला. "नशीबवान आहे," ती म्हणाली. "मला आशा नव्हती." घरी येताना चिमणी ठमीची दोरी धरून चालत होती. "बाबा, मी चुकीचं बोलले त्या दिवशी," ती म्हणाली. "पण आईचा तो शब्द मला फार आधार देतो हो. काही अडलं की मी तेच आठवते. आई काही मागत नव्हती, तिला काही कमी नव्हतं. बस म्हणाली." मास्तरांनी तोंड उघडलं. सांगायला हवं होतं. पोरीच्या आईची ती शेवटची इच्छा, ती पोरीला कळायला नको? पण चिमणीचा चेहरा इतका निवांत होता. तिच्या अंगावर ते खोटं किती वर्षं नीट बसलं होतं. आता ते उसवून तिला उघडं पाडायचं, ते कुणासाठी? आपलं ओझं हलकं व्हावं म्हणून? मास्तरांनी तोंड मिटलं. ही शिक्षा एकट्यानं भोगायची, असं त्यांनी ठरवलं, आणि ठरवल्यानं ती काही हलकी झाली नाही.

दुपारी ती निघायच्या तयारीला लागली. मास्तर एका कोटाची बाही बेतत होते, पुतळ्यावर चढवून, तोंडात टाचण्या. चिमणीनं पिशवी भरली, ठमीचे कान कुरवाळले, पायांत चपला अडकवल्या, आणि दुकानाच्या मधोमध उभी राहून एकदा सगळीकडे नजर फिरवली. तिची नजर बायकोच्या त्या रिकाम्या स्टुलावर थांबलेली मास्तरांनी आरशात पाहिली. "बस," ते म्हणाले. "हो हो, आहे लक्षात," चिमणी घड्याळ बघत म्हणाली. "चुकेल हो बस, निघालेच मी. पोचले की फोन करते." आणि ती दाराबाहेर पडली. मास्तरांना क्षणभर काही उमगलं नाही. मग त्यांनी टाचण्या तोंडातून काढल्या, काढल्या कसल्या, थुंकल्याच, फरशीवर त्या चहूकडे पसरल्या, आणि गळ्यातली टेप लोंबत असताना ते रस्त्यावर धावले. "चिमणे! अगं गाडी नव्हे! बस म्हणालो मी! तू बस!" रस्त्यावरची दोन-चार माणसं थांबून बघायला लागली. चिमणी वळली. बापाचा अवतार बघून तिला आधी हसू आलं, मग हसू ओसरलं. "काय झालं बाबा?" "काही नाही," मास्तर धापा टाकत म्हणाले. "जराशी बस. मग जा. पुढच्या गाडीनं जा."

ती परत आली. टाचण्या चुकवत स्टुलापर्यंत गेली आणि बसली. पिशवी पायाशी ठेवली. मास्तर खाली बसले, ठमीच्या सतरंजीच्या कडेला. ठमीनं हनुवटी चिमणीच्या पावलावर टेकली. "बोला ना," चिमणी म्हणाली. "काही बोलायचं नाहीये," मास्तर म्हणाले. चिमणी हसली. "आईचंही असंच. चिमणे, बस म्हणायची. मी आपली घाईत, बसायचे आणि विचारायचे, काय काम आहे? तर म्हणायची, काम कसलं, नुसती बस. मला इतका राग यायचा तेव्हा." ती ठमीच्या भादरलेल्या पोटाकडे बघत होती. बारीक केस उगवायला लागले होते. "तुम्हालाही म्हणायची ना? बसा म्हणून?"

"म्हणायची," मास्तर म्हणाले.

"मग तुम्ही काय करायचात?"

मास्तरांनी ठमीच्या पाठीवर हात ठेवला. तिचं अंग गरम होतं आणि श्वास संथ चालला होता.

"मी कोट शिवायचो," ते म्हणाले.

चिमणीला त्यात गंमत वाटली, ती मोकळेपणानं हसली. बाहेर चौकात तिची बस येऊन थांबली आणि निघून गेली. कुणी उठलं नाही.